पांढरीवरचे बुरूज

दर्यापूर मागे टाकून अकोटच्या रस्त्याला लागलं की काळी जमीन सुरू होते. कपाशी, तूर, हरभऱ्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे, पुन्हा कपाशी. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ तेवढी सोबतीला. पूर्णेच्या या खोऱ्यात टेकडी म्हणून नाही, त्यामुळे दोन-तीन कोसांवरून गाव ओळखू येतं ते त्याच्या उंचवट्यावरून. आधी कडुनिंबांचे शेंडे दिसतात, मग देवळाचा कळस, पाण्याची टाकी आणि या सगळ्यांच्या मागे मातीचा एक भुरकट, अजस्र ढीग. जवळ जावं तसे त्या ढिगाला कोपरे फुटतात. कोपरे गोल, वर निमुळते होत गेलेले. ते बुरूज आणि ती गढी.

या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो ‘गावाची भिंत’. सोबत कॉकेशसच्या डोंगरातली इंगुश लोकांची मध्ययुगीन दगडी बुरुजांची गावं दाखवणारी काही छायाचित्रं होती आणि एक प्रश्न: आपल्याकडे असं काही होतं का? डोंगरी किल्ल्यांची नावं लगेच आठवली. गाविलगड, नरनाळा. पण ते राज्यांचे किल्ले. इंगुश बुरूज एकेका कुळाने आपल्या गावात, आपल्या घराला लागून, आपल्या जिवासाठी बांधला होता. त्याचं वऱ्हाडातलं भावंड शोधायचं तर गडावर जाऊन उपयोग नाही, गावात जायला हवं. अमरावती-अकोल्याच्या कितीतरी गावांत ते उभं आहे. आपण रोज त्याच्याखालून जातो आणि त्याला किल्ला म्हणायचं आपल्या मनातही येत नाही.

दगड नसलेल्या मुलखात

इंगुश माणसाला दगड हाताशी होता. पूर्णेकाठच्या माणसाला तो नव्हता. सातपुडा आणि अजिंठ्याची रांग यांच्यामधला हा पयनघाट नदीने आणलेल्या गाळाने भरला आहे. काही ठिकाणी हा गाळ शेकडो फूट खोल आहे. विहीर खणताना माणूस थकतो, पण पाषाण लागत नाही. लागतं ते पाणीही बऱ्याच पट्ट्यात खारं. म्हणजे बांधायला उरते माती, आणि तीही हवी ती नव्हे. वरची काळी कापसाला उत्तम, पण भिंतीला अगदी वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काळीची भिंत दोन पावसाळेसुद्धा धड काढणार नाही.

भिंतीला लागते पांढरी. गाव ज्या उंचवट्यावर वसतं ती ही माती: शेकडो, कधी हजारो वर्षांच्या वस्तीने साठत गेलेली. चुलींची राख, पडलेल्या भिंती, गोठ्यातलं शेण, फुटकी मडकी, कुटार, हाडं. सगळं एकावर एक निजत गेलं आणि त्याची एक हलकी, राखट, भुसभुशीत माती झाली. ती काळीसारखी फुगत नाही, फाटत नाही. धाब्याच्या घरांवर दर उन्हाळ्याच्या शेवटी हीच पांढरी अंथरायची, की पाणी मुरत न बसता वाहून जातं. जुन्या वऱ्हाडी गावात सगळा हिशेब या दोन मातींचा होता: काळीत पिकवायचं, पांढरीवर राहायचं.

गढी पांढरीतून उगवलेली आहे. बांधताना माती भिजवायची, तीत कुटार आणि शेण घालून बैलांच्या किंवा माणसांच्या पायांनी तुडवायची, मुरू द्यायची, मग हाता-दीड हाताचा थर लावायचा. तो कडक वाळला की वरचा थर. घाई केली तर ओला थर वरच्या भाराने पोट काढतो. भिंत बुडाशी खूप जाड, वर बारीक होत जाणारी. पायात कुठे भाजलेल्या विटा, कुठे दुरून गाड्यांनी आणलेला दगड. ज्याच्या हाती पैसा होता त्याने दर्शनी बाजू पूर्ण विटांनी मढवली. बाळापूरचा किल्ला हे या पद्धतीचं राजेशाही रूप. मन आणि म्हैस या नद्यांच्या मध्ये उंचवट्यावर उभा, भाजक्या विटांच्या बुरुजांचा, १७५७ साली एलिचपूरच्या नवाब इस्माईलखानाने पूर्ण केलेला. त्याची सफाई गावच्या गढीला नाही. पण बाळापूर बघून गढी बघितली की कळतं, दोन्ही एकाच मातीतले आणि एकाच विचाराचे.

मातीची म्हणून तिला कमी लेखू नये. गाविलगडाचा दगडी तट डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या तोफांपुढे काही दिवसांत फुटला. त्यानंतर दीडच वर्षाच्या आत, १८०५ मध्ये, भरतपूरच्या मातीच्या तटावर जनरल लेकने एकामागून एक चार हल्ले चढवले आणि चारही फसले. दगड तोफगोळ्याने तडकतो, तर माती गोळा गिळते. आपल्या गढ्यांवर असा वेढ्याचा प्रसंग क्वचितच आला असेल, पण ज्यांनी त्या बांधल्या त्यांना मातीचा हा गुण माहीत होता.

बुरुजाच्या आत

दर्यापूर तालुक्यातल्या ज्या गावात मी अधिक वेळ घालवला, तिथल्या गढीचे चारांपैकी दोन बुरूज शिल्लक आहेत. दरवाजाची कमान आहे. लाकडी दार गेलं. कमानीच्या दोन्ही अंगांना देवड्या, पहारेकऱ्यांनी बसायच्या. दारातून सरळ आत जाता येत नाही. समोर भिंत येते, वळावं लागतं, आणि वळताना माणूस वरच्या बुरुजाच्या टप्प्यात सापडतो. बुरुजाच्या भिंतीत तिरक्या खाली उतरणाऱ्या फटी आहेत: जंग्या. मी एकीला डोळा लावून पाहिलं. त्यातून आकाश दिसत नाही, शेत दिसत नाही. दिसते फक्त वेशीपासून दरवाजापर्यंतची वाट, नेमकी तेवढीच. ज्या गवंड्याने ती फट ठेवली त्याने आधी खाली माणूस उभा करून पाहिलं असणार.

आत चौक, चौकाभोवती ओसरी, एका बाजूला माडीच्या तुळयांची भोकं. दोन भिंतींच्या मधे धान्य साठवायचं बळद. चौकाच्या कोपऱ्यात आड, आता बुजलेला. गढीत पाणी नसेल तर बाकी सगळं फोल, म्हणून आड आधी आणि भिंत नंतर, असं जुने लोक सांगतात. ज्वारीची पेवं गढीच्या आवारातही होती. पेव म्हणजे पांढरीत खणलेला, आतून लिंपून कडबा लावलेला खड्डा. तोंड बुजवून वर माती पसरली की परक्याला पत्ता लागत नाही. दुष्काळात गाव तगायचं ते पेवांवर.

प्रत्येक गढीला भुयार असतं, ते थेट नदीपर्यंत किंवा पुढच्या गावच्या गढीपर्यंत जातं, असं प्रत्येक गावात ऐकलं. पूर्णेच्या गाळात, पावसाळ्यात फुगणाऱ्या काळीखालून, कोसभर भुयार टिकणार नाही. मला वाटतं, लोकांच्या आठवणीत ही पेवंच भुयारं होऊन राहिली आहेत. अंधारात उतरलेली एक वाट आणि तिच्या शेवटी धान्य. उपाशी वर्षांत यापेक्षा मोठं धन कोणतं?

दसरा उलटला की

भीती कोणाची होती? वऱ्हाडावर दोन धन्यांची सत्ता होती. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामाने इथे पाय रोवले, आणि नागपूरकर भोसल्यांनी मोकाशाचा हक्क लावून महसुलातला आपला वाटा उचलायला सुरुवात केली. ही दोअमली. एका गावात दोघांचे अंमलदार. दोघांनाही वसूल हवा, पण गाव राखायला दोघांपैकी कोणीच हजर नसे. या दोघांच्या मधे उभा होता देशमुख. अकबराच्या काळात अबुल फझलने वऱ्हाड सुभ्याची नोंद केली तेव्हाच लिहून ठेवलं की उत्तरेत ज्याला चौधरी म्हणतात त्याला इकडे देशमुख म्हणतात, कानुगोला देशपांडे, मुकादमाला पाटील. म्हणजे राज्यं बदलली तरी ही माणसं जागची हलली नव्हती. परगण्याचा वसूल, त्याचा हिशेब, थोडी शिबंदी आणि गावाची राखण, सगळं त्यांच्या अंगावर. गढी म्हणजे या कामाची कचेरी, कोठार आणि घर.

अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला पेंढारी आले. नर्मदेच्या खोऱ्यातले त्यांचे तळ दसरा उलटून नद्यांना उतार पडला की हलायचे. हलके घोडे, सोबत सामान नाही, तोफ नाही. एका दिवसात वीस-पंचवीस कोसांची मजल. गाव लुटायचं, पुरलेलं धन सांगत नाही म्हणून माणसाच्या तोंडाला तापल्या राखेची पिशवी बांधायची, आणि पाठलाग सुरू व्हायच्या आत निघून जायचं. त्यांचं बळ वेगात होतं, म्हणून एका जागी अडकून पडणं त्यांना परवडत नव्हतं. गढीने नेमकं तेच साधलं. बंद दरवाजा, वर दहा-बारा तोड्याच्या बंदुका, आत आड आणि धान्य. मातीची भिंत दोन दिवस टिकली तरी पुरे. तिसऱ्या दिवशी पेंढारी पुढच्या गावी गेलेला असायचा.

पैसेवाल्या शहराने हेच दगडात केलं. अमरावतीतल्या कापसाच्या सावकारांना पेंढाऱ्यांपासून राखण्यासाठी निजाम सरकारने १८०७ मध्ये परकोट बांधायला घेतला. जवाहर गेट, अंबा गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावं आजही ऑटोवाल्याच्या तोंडी आहेत. माताखिडकीपाशी उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की ही खिडकी तटातली होती?

“माह्या आज्यानं सांगतलं होतं,” गावातले एक काकाजी म्हणाले, “नगारा वाजला का सारं गाव ढोरा-वासरायसकट आत. बायाईनं चुलीवरचं पातेलं तसंच उचलून आनावं.” काकाजींचं वय ऐंशीच्या पुढे. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त १८१७-१८ च्या मोहिमेत झाला, म्हणजे आज्याने पाहिलेली ही गोष्ट नव्हे. आज्याला त्याच्या आज्याने सांगितलेली. ती अजून चुलीवरच्या पातेल्यासकट टिकून आहे.

आत कोण, बाहेर कोण

“सारं गाव आत” हे मात्र जसंच्या तसं मान्य करता येत नाही. वेशीवर रात्रभर जागणारा वेसकर महार. परका आला की त्याला हटकणारा, सरहद्दीची खूण सांगणारा, सरकारी टपाल पोचवणारा तोच. त्याची वस्ती गावकुसाबाहेर. भिंत ज्याच्या जागण्यावर उभी होती, त्याचं घर भिंतीच्या पलीकडे.

त्याच गावात बौद्धपुऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी हे अधिक सरळ सांगितलं. “रातभर जागाचं आमच्या बुढ्यायनं. अन् पेंढारी आले तर पह्यला वार बी त्यायच्यावरच.” मग ते मला गढीच्या पश्चिमेकडच्या भिंतीजवळ घेऊन गेले. बांधकामाच्या वेळी माती कोणी तुडवली, गाड्या कोणी ओढल्या, वेठ कोणाची होती, हे गढीचा इतिहास लिहिणाऱ्याने लिहावं असं त्यांचं म्हणणं. वसूल थकला म्हणून कुळाला उन्हात उभं करायचं तेही याच चौकात. ही गढी पाडून टाकावी असं त्यांना वाटतं का, असं मी विचारलं. ते ठामपणे नाही म्हणाले. ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या घामाची आहे, आणि ती गेली तर ते इथे होते याचा पुरावाही जाईल.

हे मला या फिरण्यात ऐकलेलं सर्वांत महत्त्वाचं बोलणं वाटतं. गढी देशमुखांची, म्हणून तिची काळजी देशमुखांनी करावी, असं गावात बहुतेक जण म्हणतात. देशमुखांचे वारस पुण्या-नागपुरात. वाटण्या झालेल्या, सातबारावर पंधरा-वीस नावं. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, पुढच्या दशकात मोजणी होऊन रयतवारी लागली आणि वसुलाचं काम देशमुखांकडून गेलं. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली होती. पैसा गढीतून निघून जिनिंगच्या कारखान्यांकडे आणि पेठांकडे गेला. गढीचं काम तेव्हाच संपलं. त्यानंतर ती घर म्हणून राहिली, मग पडकं घर, आणि आता उंच जागा.

उंच जागेचा उपयोग अजून आहे. पाण्याची टाकी गढीवर, कारण तिथून नळाला जोर येतो. कुठे जिल्हा परिषदेची शाळा, कुठे मोबाईलचा टॉवर. एक माय म्हणाली, “पुराच्या वक्ती आमी पोरं घेऊन इथंच बसलो होतो. खाली घरायत पानी होतं.” पेंढारी जाऊन दोनशे वर्षं झाली तरी संकटात लोक वर याच जागी जातात.

आस्सा नदीच्या काठी

इंगुश बुरूज मी पाहिलेले नाहीत. वाचून आणि चित्रांतून ओळखतो. आस्सा नदीच्या खोऱ्यात आणि जेराखच्या बाजूला एगिकाल, तारगिम, हामखी, एर्झी अशी गावं आहेत. राहायचे बुरूज बसके, दोन-तीन मजल्यांचे: खाली गुरं, वर माणसं, मधे तुळया पेलणारा दगडी खांब. लढायचे बुरूज पंचवीस-तीस मीटर उंच, चार-पाच मजल्यांचे, वर निमुळते, डोक्यावर पायऱ्यापायऱ्यांचं दगडी छप्पर. दार जमिनीवर नाही, वरच्या मजल्याला. शिडी आत ओढून घेतली की बुरूज बंद. रूढी अशी की एकदा हाती घेतलेला बुरूज वर्षाच्या आत पुरा व्हायला हवा, नाहीतर कुळाची अब्रू जाते. भीती परक्यांच्या स्वारीची होती, तशीच शेजारच्या कुळाशी चाललेल्या रक्ताच्या वैराचीही.

खाली गुरं आणि वर माणसं, आत कोंडलेलं धान्य, दारात शत्रूला अडखळायला लावणारी युक्ती, खाली रोखलेल्या फटी. राजा दूर आहे आणि घोडेस्वार जवळ आहेत, तेव्हा शेतकरी माणूस काय करतो, याचं उत्तर दोन्हीकडे तेच निघालं. फरक पुढचा आहे. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी सोव्हिएत सत्तेने इंगुश आणि चेचेन लोकांना उचलून रेल्वेच्या डब्यांतून कझाकस्तान आणि मध्य आशियाकडे हाकललं. १९५७ मध्ये त्यांना परतायची मुभा मिळाली, पण डोंगरातली गावं बहुतेक रिकामीच राहिली. बुरूज उभे आणि माणसं गेलेली. त्या लोकांना आपल्या बुरुजांविषयी एवढी माया का आहे, हे यातून कळतं. एखाद्या इंगुश माणसाला कुळाचं मूळ विचारलं तर तो अजून बुरुजाचं गाव सांगतो.

आपल्याला कोणी हाकललं नाही. आपली गावं भरलेली आहेत, आणि बुरूज आपणच नेत आहोत.

गढी शेतात जाते

कशी नेत आहोत ते मी पाहिलं. एका गढीच्या दक्षिणेकडची बाजू यंत्राने सरळ कापलेली होती. कापलेल्या भिंतीसमोर उभं राहिलं की थर मोजता येतात. वर गढीचा भराव. त्याखाली राखेचा करडा पट्टा, त्यात भाजलेल्या ज्वारीचे काळे दाणे. मग लाल, जळक्या मातीची एक रेघ, म्हणजे कधीकाळी इथे आग लागली होती. खाली खापरं: काही जाड, काही पातळ, काळ्या-तांबड्या चकाकीची. काचेच्या बांगडीचा एक निळा तुकडा अर्धा बाहेर आलेला. हे सगळं गढीच्या आधीचं. गढी उभी आहे ती त्या गावाच्या सगळ्या पिढ्यांवर.

अशाच पांढरींतून वऱ्हाडाचा प्राचीन इतिहास हाती आला आहे. वर्धा नदीकाठचं कौंडिण्यपूर, लोककथेतलं रुक्मिणीचं माहेर, १९६०च्या दशकात उत्खननाने प्राचीन नगर म्हणून समोर आलं. पूर्णेकाठच्या भोन इथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना स्तूपाचे अवशेष सापडले. बाकीच्या पांढरी कोणी उघडून पाहिल्याच नाहीत, आणि त्या ट्रॉलीत भरल्या जात आहेत.

ट्रॉली भरणाऱ्यावर रागावून चालत नाही. “गढीची माती कपाशीले लय मानवते, भाऊ,” तो म्हणाला. “दोन ट्रॉल्या टाकल्या का तीन वर्सं वावर हासते.” त्याचं खरं आहे. राख, शेण, हाडं, शतकांची वस्ती. या मातीत नत्र आहे, स्फुरद आहे. पूर्वी हिच्यातून सोरा काढत, बंदुकीच्या दारूसाठी. खतांचे भाव त्याच्या आवाक्याबाहेर आणि घरापासून हाकेच्या अंतरावर हा फुकटचा ढीग. आज्याने बैलगाडीने नेली तेव्हा चार टोपल्या जायच्या. आता यंत्र लागतं आणि एका उन्हाळ्यात बुरूज जातो. ओझ्याचा हा फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

दुसरे खणणारे रात्री येतात. गुप्तधनाच्या लोभाने बुरुजाच्या पोटात भोकं पाडतात, लिंबू-नारळ ठेवतात. कायदा दोन्ही बाजूंनी आहे: सापडलेलं धन सरकारला कळवायला लावणारा १८७८चा निखात निधी कायदा, आणि गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांना शिक्षा देणारा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा. भोकं मात्र पडत राहतात, आणि पावसाळ्यात पाणी त्याच भोकांतून शिरून भिंत आतून सोडवतं.

मोजून ठेवायचं तर

गाविलगड, नरनाळा, बाळापूर ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्थळं आहेत. गावची गढी यांच्या यादीत नाही. ती कुठे खाजगी, कुठे गावठाणात, कुठे दोन्ही. माती उचलायला गौण खनिजाची परवानगी लागते, पण गावातल्या गावात ती कोण मागतो?

सगळ्या गढ्या सरकारने घ्याव्यात असं मी म्हणत नाही. ते होणारही नाही. मातीची भिंत उघडी टाकली की पाच-सात पावसात जाते, तिला दरवर्षी लिंपण लागतं, आणि ते गावाशिवाय कोणी करणार नाही. पण ग्रामसभेला ठराव करून खणणं थांबवता येतं. शाळेतल्या मुलांना दोरी आणि टेप देऊन बुरुजांचा घेर, भिंतीची जाडी, दरवाजाचं तोंड मोजून घेता येतं. बौद्धपुऱ्यातल्या त्या निवृत्त शिक्षकांनी तसं करायचं मनावर घेतलं आहे. सातबारावरच्या पंधरा नावांपैकी तिघांचे फोन त्यांनी मिळवले, पुण्याच्या एका वारसाने होकारही कळवला. वेठीला असलेल्या घराण्यांची नावं घरोघर विचारून लिहायची, हेही त्यांनी त्यातच घेतलं आहे.

माती उचलायचा हंगाम ठरलेला आहे. कपाशीची शेवटची वेचणी झाली, तूर निघाली, वावरं मोकळी पडली की फाल्गुनापासून मृगापर्यंत ट्रॉल्या चालतात. म्हणजे मोजायचं काम दिवाळीपासून होळीपर्यंत उरकावं लागणार, आणि ठराव ट्रॉल्या सुरू व्हायच्या आधी व्हायला हवा. पुढची ग्रामसभा प्रजासत्ताक दिनाला आहे. विषयपत्रिकेवर गढीचा विषय घ्यावा असा अर्ज शिक्षकांनी सरपंचांकडे दिला आहे. खाली सही करणाऱ्यांत तो ट्रॉलीवालाही आहे.